बँकेसाठी प्रकल्प अहवाल कसा लिहायचा? मिनी डाळ मिलच्या उदाहरणासह सविस्तर माहिती

गावात धंदा टाकायचा म्हटलं की पहिला प्रश्न भांडवलाचा येतो. बँकेत गेलं की साहेब म्हणतात, "प्रोजेक्ट रिपोर्ट आणा." मग बहुतेक जण तालुक्याच्या ठिकाणी जातात, ऑनलाइन सेंटरवर पैसे देतात आणि तासाभरात वीस पानांची रंगीत फाइल घेऊन येतात. त्या फाइलमध्ये नाव आपलं असतं, पण आकडे दुसऱ्याच कुणाचे असतात. बँकेत दोन प्रश्न विचारले की गाडी तिथंच अडते.

प्रकल्प अहवाल म्हणजे कागदपत्रांतला आणखी एक कागद नाही. पैसे कशाला लागणार, ते कुठून परत येणार आणि एखादं वर्ष वाईट गेलं तर हप्ता कसा भरणार, याचं ते लेखी उत्तर असतं. हे उत्तर आधी आपल्याला पटायला हवं, बँकेला नंतर. टायपिंग कुणाकडूनही करून घ्या, आकडे मात्र तुमचे स्वतःचेच पाहिजेत.

खाली अहवालाचे भाग एकेक करून दिले आहेत. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे: खेडेगावात मिनी डाळ मिल टाकू पाहणाऱ्या एका ताईंचं. उदाहरणातले भाव आणि खर्च फक्त हिशेब समजण्यासाठी आहेत. तुमच्या अहवालात तुमच्या गावचे, आजचे भाव घाला.

आधी योजना ठरवा

अहवाल कोणत्या योजनेसाठी आहे त्यावर त्यातला हिशेब बदलतो. गावाकडच्या लहान उद्योगांना साधारणपणे या योजना उपयोगी पडतात:

- पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम): २००८ पासूनची योजना. फक्त नवीन उद्योगासाठी. उत्पादनाच्या प्रकल्पाला ५० लाख आणि सेवेच्या प्रकल्पाला २० लाख रुपयांपर्यंत खर्चाची मर्यादा. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक व दिव्यांग यांना ३५ टक्के सबसिडी. स्वतःची रक्कम सर्वसाधारण गटाला १० टक्के, बाकीच्यांना ५ टक्के. उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर किंवा सेवेचा ५ लाखांच्या वर असेल तर अर्जदार आठवी पास लागतो.
- सीएमईजीपी (मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम): २०१९ पासूनची राज्य सरकारची योजना. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात किंवा खादी ग्रामोद्योग मंडळाच्या जिल्हा कार्यालयात.
- पीएमएफएमई (सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना): २०२० पासून. डाळ, मसाले, पापड, लोणची, गूळ, तेल अशा खाण्याच्या पदार्थांसाठी. ३५ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त १० लाख रुपये. आपल्याकडे ती कृषी विभागामार्फत राबवली जाते. अहवाल तयार करायला जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करतात, त्यांचं नाव तालुका कृषी कार्यालयात मिळतं.
- मुद्रा: २०१५ पासून. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. यात तारण लागत नाही, पण वरच्या योजनांसारखी सबसिडीही नसते.

योजनांच्या अटी अधूनमधून बदलतात. म्हणून अर्जाच्या आधी जिल्हा उद्योग केंद्रात एक चक्कर मारा आणि योजना चालू आहे का, टक्केवारी तीच आहे का, हे विचारून घ्या. एकाच धंद्यासाठी दोन योजनांची सबसिडी घेता येईल, असं समजू नका.

आपल्या उदाहरणातल्या ताई पीएमईजीपीत अर्ज करताहेत. गाव ग्रामीण भागातलं आणि अर्जदार महिला, म्हणजे सबसिडी ३५ टक्के आणि स्वतःची रक्कम ५ टक्के.

भाग १: अर्जदार कोण आहे?

हा भाग अर्ध्या पानाचा पुरे. नाव, गाव, शिक्षण आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या कामाचा अनुभव. "मला उद्योगाची आवड आहे" या वाक्याला बँकेत काही किंमत नाही. त्याऐवजी असं लिहा: "गेली चार वर्षे बचत गटामार्फत घरच्या जात्यावर आणि भाड्याच्या मशिनवर तुरीची डाळ करून आठवडी बाजारात विकते. गटाच्या कर्जाची परतफेड वेळेवर झाली आहे." दोन ओळींतच काम येतं हे कळतं आणि पैसे बुडवणार नाही हेही कळतं.

अनुभव नसेल तर आधी प्रशिक्षण घ्या. बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत (आरसेटी) ते मोफत मिळतं. तिथं प्रकल्प अहवाल कसा मांडायचा हेही शिकवतात.

जुनं पीक कर्ज, गटाचं कर्ज किंवा गाडीचे हप्ते थकले असतील तर ते लपवू नका. बँक सिबिल काढतेच. ३०० ते ९०० च्या मधला हा स्कोअर फाइल उघडताच दिसतो. थकबाकी भरून टाकली असेल तर बँकेचा दाखला सोबत जोडा.

भाग २: धंदा काय आणि गिऱ्हाईक कोण?

बहुतेक अहवाल इथंच पडतात. "डाळीला देशभर मोठी मागणी आहे" असं लिहिलेलं असतं. ते खरं आहे, पण देशभरातलं गिऱ्हाईक तुमच्या मिलवर येणार नाही. तुमच्या मिलवर आसपासच्या पाच गावांतले शेतकरी येणार. मग त्या पाच गावांचाच हिशेब लिहा.

ताईंचा हिशेब असा. पाच गावं. प्रत्येक गावात तूर पिकवणारी आणि घरची डाळ करून घेणारी साधारण १०० कुटुंबं. एका कुटुंबाची घरच्यासाठी आणि पै-पाहुण्यांना द्यायला मिळून १ क्विंटल तूर. म्हणजे ५ × १०० × १ = ५०० क्विंटल.

हा आकडा कुठून आणला? गावोगाव फिरून, पंचवीस-तीस घरं विचारून. सध्या डाळ कुठं करून आणता? किती लांब जावं लागतं? किलोला किती घेतात? नंबर यायला किती दिवस लागतात? ही उत्तरं वहीत लिहा आणि त्या वहीच्या पानांची झेरॉक्स अहवालाला जोडा. विकत आणलेल्या वीस पानांपेक्षा ही दोन पानं जास्त वजनदार ठरतात.

पाच गावांत आधीच दुसरी मिल असेल तर तेही लिहा. तिथल्यापेक्षा तुमच्याकडं वेगळं काय, तेवढं सांगा. उदाहरणार्थ, "तिथं हंगामात आठ-आठ दिवस थांबावं लागतं."

भाग ३: जागा, वीज, पाणी

जागा कुणाच्या नावावर आहे? स्वतःची असेल तर सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. सासरे-दीरांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र. भाड्याची असेल तर भाडेकरार. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला लागतो.

लक्षात ठेवा, पीएमईजीपीत जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरता येत नाही. शेडचा खर्च धरता येतो.

विजेबाबत "गावात वीज उपलब्ध आहे" एवढं लिहून भागत नाही. मोटर किती एचपीची? थ्री फेज लाइन जागेपासून किती खांब लांब? जोडणीचा खर्च किती? महावितरणच्या कार्यालयातून अंदाज घेऊन तो आकडा खर्चात धरा. मशीन येऊन पडली आणि लाइनच नाही, असं झालं तर हप्ते सुरू होतात आणि कमाई शून्य राहते.

भाग ४: मशिनरी

मशिनचं नाव, ताशी क्षमता, मोटर, किंमत, जीएसटी, वाहतूक आणि बसवण्याचा खर्च, हे सगळं वेगवेगळं लिहा. निदान दोन पुरवठादारांची दरपत्रकं (कोटेशन) घ्या. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं खेड्यातल्या वापरासाठी मिनी डाळ मिल विकसित केली आहे. मशीन घेण्याआधी अशी चालू असलेली मिल कुठं आहे ते शोधा आणि तिथं एक दिवस उभं राहून काम बघा.

जाहिरातीतली क्षमता जशीच्या तशी उतरवू नका. ताशी १ क्विंटल लिहिलं म्हणून दिवसाला ८ क्विंटल होत नाही. तुरीला तेल-पाणी लावायचं, उन्हात वाळवायचं, पुन्हा मशिनवर घ्यायचं. वीज जाते, माणूस येत नाही. म्हणून ताईंनी दिवसाला ५ क्विंटलच धरले.

भाग ५: एकूण खर्च आणि पैसा कुठून

ताईंचा खर्च:

- डाळ मिल, चाळणी, पॉलिशर, मोटर, वजनकाटा: ४,००,००० रुपये
- शेड: २,००,००० रुपये
- वीज जोडणी आणि फिटिंग: ४०,००० रुपये
- किरकोळ सामान: १०,००० रुपये
- खेळतं भांडवल: १,५०,००० रुपये
- एकूण: ८,००,००० रुपये

पैसा कुठून:

- स्वतःचे (५ टक्के): ४०,००० रुपये
- बँकेचं कर्ज (९५ टक्के): ७,६०,००० रुपये
- त्यापैकी सबसिडी (३५ टक्के): २,८०,००० रुपये
- प्रत्यक्ष फेडायचं मुद्दल: ४,८०,००० रुपये

खेळतं भांडवल विसरू नका. मशिनरी आणि शेडवर सगळा पैसा घालायचा आणि तूर विकत घ्यायला हातात काही ठेवायचं नाही, ही चूक फार होते. मग खासगी सावकाराकडं जावं लागतं आणि नफा त्याच्या व्याजातच जातो.

सबसिडीबद्दल गैरसमज नको

सबसिडी हातात रोख मिळत नाही. ती बँकेत तुमच्या नावानं तीन वर्षं मुदत ठेवीसारखी राहते. धंदा खरंच चालू आहे का याची जागेवर येऊन पाहणी होते आणि मगच ती कर्जात वळती होते. मधेच मिल बंद केली, मशीन विकली, तर सबसिडी परत जाते.

ठेवलेल्या सबसिडीवर बँक व्याज देत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लावतही नाही. पण सबसिडी बँकेत जमा होईपर्यंत पूर्ण कर्जावर व्याज चालू असतं. हा मधला काळ हिशेबात धरा. ताईंना ही गोष्ट कशी अडचणीत आणू शकते ते पुढं येतंच.

भाग ६: वर्षाची कमाई आणि खर्च

विकतच्या अहवालात इथं असं असतं: वर्षात ३०० दिवस, दिवसाला ८ क्विंटल, क्विंटलला ६०० रुपये, म्हणजे वर्षाला १४ लाख ४० हजार. आकडा बघून बरं वाटतं. पण ३०० गुणिले ८ म्हणजे २,४०० क्विंटल तूर. पाच गावांतून ५०० क्विंटल येणार असतील तर बाकीची आणायची कुठून? आणि पावसाळ्यात डाळ वाळवणार कुठं? बँकेचे साहेब हेच दोन प्रश्न विचारतात.

ताईंनी हंगामाचे १०० दिवस धरले. त्यांचा हिशेब:

कमाई
- शेतकऱ्यांची डाळ करून देणं: ५०० क्विंटल × ६०० रुपये = ३,००,००० रुपये
- स्वतः ६० क्विंटल तूर ७,५०० रुपयांनी घेऊन डाळ विकणं: खरेदी ४,५०,००० रुपये. क्विंटलला ७० किलो उतारा धरून ४२ क्विंटल डाळ, १२,००० रुपयांनी ५,०४,००० रुपये. चुनीचे २४,००० रुपये. पॅकिंगचे १३,००० रुपये वजा जाता उरले ६५,००० रुपये
- एकूण: ३,६५,००० रुपये

खर्च
- दोन मजूर, ४०० रुपये रोज, १०० दिवस: ८०,००० रुपये
- वीज: ४०,००० रुपये
- डाळीला लावायचं तेल: १०,००० रुपये
- दुरुस्ती आणि सुटे भाग: २५,००० रुपये
- विमा, परवाने, वाहतूक, फोन: २०,००० रुपये
- एकूण: १,७५,००० रुपये

हप्ता भरण्याआधी हातात उरतात: १,९०,००० रुपये.

६० क्विंटल तूर एकदम घ्यायला साडेचार लाख लागतात आणि ताईंकडं खेळतं भांडवल दीड लाख आहे. म्हणून त्यांनी लिहिलं, "एका वेळी २० क्विंटल घेऊ, डाळ विकली की पुढचे २० घेऊ, अशा तीन फेऱ्या करू." एवढ्या एका वाक्यावरून साहेबांना कळतं की या बाईंनी हिशेब स्वतः केला आहे.

भाग ७: हप्ता निघतो का?

सोपं जावं म्हणून सगळं कर्ज हप्त्यानं फेडायचं आणि व्याज ११ टक्के असं धरू. (खेळत्या भांडवलासाठी बँक बऱ्याचदा वेगळं कॅश क्रेडिट खातं देते, त्याचं व्याज वेगळं निघतं.)

४,८०,००० रुपये ५ वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता साधारण १०,५०० रुपये, वर्षाचे १,२६,००० रुपये. हातात १,९०,००० रुपये आहेत, म्हणजे हप्ता भरून ६४,००० रुपये राहतात. हप्त्याच्या दीडपट कमाई आहे. बँक असं गुणोत्तर बघतेच. इथवर सगळं छान दिसतं.

आता वाईट वर्ष धरू. पाऊस कमी झाला, तुरीवर मर रोग आला आणि ५०० च्या जागी ३०० क्विंटलच आले. डाळ करून देण्याचे मिळतात १,८०,००० रुपये. स्वतःच्या डाळीचे ६५,००० धरून २,४५,००० रुपये. मजुरी, वीज, तेल कमी लागलं तरी खर्च १,२७,००० रुपये होतो, कारण विमा आणि दुरुस्ती कमी होत नाही. हातात उरतात १,१८,००० रुपये आणि हप्ते आहेत १,२६,००० रुपये. म्हणजे ८,००० रुपये खिशातून घालायचे आणि घरखर्चाला काहीच नाही.

सबसिडी जमा व्हायला उशीर झाला तर काय? ७,६०,००० रुपयांवर ५ वर्षांचा हप्ता होतो साधारण १६,५०० रुपये, म्हणजे वर्षाला १,९८,००० रुपये. म्हणजे चांगल्या वर्षातसुद्धा कमाई अपुरी!

हा हिशेब कर्ज घेण्याआधी केला म्हणून तोडगा काढता येतो. पीएमईजीपीत परतफेडीची मुदत ३ ते ७ वर्षं असते, सुरुवातीचा सवलतीचा काळ सोडून. ताईंनी ५ ऐवजी ७ वर्षं मागितली तर:

- ४,८०,००० रुपयांवर हप्ता साधारण ८,२५० रुपये, वर्षाला ९९,००० रुपये. वाईट वर्षातही (१,१८,०००) निघतो.
- सबसिडी यायच्या आधी ७,६०,००० रुपयांवर हप्ता साधारण १३,००० रुपये, वर्षाला १,५६,००० रुपये. चांगल्या वर्षात (१,९०,०००) निघतो.

व्याज एकूण साठ-पासष्ट हजार रुपयांनी जास्त जाईल, पण कर्ज थकणार नाही. तूर शेतातून डिसेंबरनंतर येते, म्हणून सवलतीचा काळ हंगाम सुरू होईपर्यंत मिळावा, हेही अहवालात स्पष्ट मागा. जूनमध्ये मशीन बसवून लगेच हप्ते सुरू झाले तर सहा महिने मिल रिकामी आणि हप्ता चालू, अशी गत होते.

आणखी एक आकडा काढून ठेवा: हप्ता निघायला कमीत कमी किती माल लागतो? ताईंच्या ५ वर्षांच्या हप्त्याला ३२२ क्विंटल लागत होते. ७ वर्षांच्या हप्त्याला २४७ क्विंटल पुरतात. साहेबांनी विचारलं तर हा आकडा तोंडपाठ पाहिजे.

भाग ८: अडचण आली तर?

"या धंद्यात कोणताही धोका नाही" असं वाक्य असेल तर ते आधी खोडा. धोका नसलेला धंदा नसतो आणि हे बँकेला चांगलं माहीत असतं. त्याऐवजी दोन-तीन खरे धोके आणि त्यावरचा उपाय लिहा:

- तूर कमी आली तर: त्याच मशिनवर हरभरा, मूग, उडीद करता येतो. मूग-उडीद ऑगस्ट-सप्टेंबरपासून निघतो, हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्यामुळं कामाचे दिवस वाढतात.
- तुरीचा भाव पडला तर: एकदम साठा करणार नाही, २०-२० क्विंटलच घेणार.
- मशीन बिघडली तर: सुटे भाग कुठं मिळतात, दुरुस्ती करणारा किती लांब आहे, हे लिहा. वर्षाची तरतूद २५,००० रुपये.
- आग, चोरी, पाऊस: शेड आणि मशिनचा विमा.

कागदपत्रं

- आधार, पॅन, फोटो, बँक पासबुक
- शिक्षणाचा दाखला, लागू असेल तर जातीचा किंवा दिव्यांग दाखला
- गाव ग्रामीण भागात असल्याचा लोकसंख्येचा दाखला (ग्रामपंचायतीकडून)
- जागेचे कागद आणि ना हरकत दाखला
- मशिनची दरपत्रकं, शेडचा अंदाजखर्च
- प्रशिक्षण आणि अनुभवाचे दाखले
- प्रकल्प अहवाल

खाण्याच्या पदार्थाचा उद्योग असल्यानं एफएसएसएआयची नोंदणी लागते. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. पीएमईजीपीचा ऑनलाइन अर्जही मोफत आहे. "सबसिडी पास करून देतो, आधी टक्केवारी द्या" म्हणणाऱ्यापासून लांबच राहा. कर्ज मंजूर करणं बँकेच्या हातात असतं, मधल्या माणसाच्या नाही.

बँकेत जाताना

अर्ज भरण्याआधीच शाखेत जाऊन साहेबांना भेटा. शक्यतो जिथं तुमचं खातं आहे आणि व्यवहार दिसतात तीच शाखा निवडा. अहवालाच्या सुरुवातीला एका पानावर सारांश लावा: धंदा कोणता, खर्च किती, स्वतःचे किती, कर्ज किती, वर्षाची कमाई किती, हप्ता किती. साहेबांकडं वेळ कमी असतो, ते आधी तेच पान बघतात.

घरून निघण्याआधी या सहा प्रश्नांची उत्तरं कागद न बघता देऊन बघा:

१. दिवसाला किती माल होतो आणि वर्षात किती दिवस?
२. तेवढा माल कुठून येणार?
३. दर काय, आणि शेजारची मिल किती घेते?
४. महिन्याचा हप्ता किती?
५. हप्ता निघायला कमीत कमी किती माल लागतो?
६. पीक गेलं तर काय करणार?

एकाही उत्तराला "ते अहवालात आहे" किंवा "ते सीएंनी लिहिलंय" असं म्हणावं लागलं, तर अजून दोन दिवस थांबा आणि हिशेब पुन्हा करा.

तारणाबद्दलही माहिती असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागायचं नसतं. ताईंचं कर्ज ७ लाख ६० हजार आहे, म्हणजे या मर्यादेत बसतं. शेत गहाण ठेवा म्हटलं तर हा नियम शांतपणे लक्षात आणून द्या.

कर्ज नाकारलं तर भांडण करू नका, पण नुसतं "होत नाही" ऐकून परतही येऊ नका. नाकारण्याचं कारण लेखी मागा. ते कारण दुरुस्त करता येण्यासारखं असेल, जसं की जुनी थकबाकी, जागेचा कागद, दरपत्रक, तर दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येतो. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या कार्यालयात आणि जिल्हा उद्योग केंद्रातही दाद मागता येते.

आणि हिशेब करता करता धंदा परवडतच नाही असं दिसलं, तर अहवाल वाया गेला असं समजू नका. आठ लाखांच्या जागी चार लाखांत, जुन्या शेडमध्ये सुरुवात करता येईल का ते बघा, किंवा दुसरा धंदा निवडा. वहीच्या चार पानांवर तोटा दिसला तर फक्त चार पानं जातात. तोच तोटा कर्ज घेतल्यावर दिसला, तर त्यात घराची पत जाते.